पंचफुलामावशीचे हात

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुणालाही सांगते आणि सांगताना आवाज खाली करत नाही. पण ती पदवी घरात येण्याआधी घरात काय होतं, ते सांगितल्याशिवाय पंचफुलामावशी नीट कळायची नाही. म्हणून तिथूनच सुरू करते.

अकोल्यात टिनाचं छत असलेल्या एका खोलीत आम्ही चौघं राहायचो. बाबा हातगाडीवर भाजीपाला विकायचे. अकोल्याचं ऊन ज्याला माहीत आहे त्याला भाजीवाल्याचं दुःख समजावून सांगावं लागत नाही. सकाळी टवटवीत दिसणारा सांभार दुपारपर्यंत मान टाकतो. पुण्याकडे त्याला कोथिंबीर म्हणतात, पण म्हणून तो इथं टिकला नसता. जे विकलं जात नसे ते आम्ही खायचो. पालकाची पाळी लांबली की माझा धाकटा भाऊ म्हणायचा, "माय, मी आता बकरी होऊन राहिलो." मग एका उन्हाळ्यात बाबांना ऊन लागलं आणि त्यांच्या अंगातली ताकदच गेली. गाडी भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या चाकांच्या सावलीत शेजारच्या कोंबड्या बसायला लागल्या. मी तेव्हा अकरावीत होते. मला पुढं शिकवायचं की कुठल्या दुकानात लावायचं, याची चर्चा मी घरात पाय ठेवला की थांबायची.

अशात एका सकाळी पलीकडच्या खोलीतली पंचफुलामावशी आमच्या दारात येऊन उभी राहिली आणि आईला म्हणाली, "हात दाखव व."

आईला वाटलं, हिनं भविष्य सांगायचं काढलं. तिनं तळवा पुढं केला.

"तळवा ठेव तुह्यापाशी. कोपरापासून दाखव."

मावशीनं आईचा हात उलटापालटा केला, मनगटापासून कोपरापर्यंत वितीनं मोजला आणि नाराज झाल्यासारखी मान हलवली. "मांड्याचा हात हाये तुहा. अन् भांडे घासून राहिली त्यानं. उद्यापासून माह्यासंगं चाल."

मांडे ज्यांनी फक्त ताटात पाहिले आहेत त्यांच्यासाठी सांगते. गव्हाचं पीठ वस्त्रगाळ करून घ्यायचं, मिठाच्या पाण्यात भिजवून ते परातीत आपटत राहायचं. इतकं, की उचललं तर ताणलं जावं आणि तुटू नये. त्यात पुरण भरून जाडसर पुरी लाटायची. मग लाटणं बाजूला ठेवायचं. पुढचं सगळं काम हातांवर. ती पुरी या हातावरून त्या हातावर पलटत, मनगटापासून कोपरापर्यंत पसरत न्यायची, आणि ती ओढणीसारखी पातळ झाली की चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायची. मांडा चांगला झाला की नाही हे तोंडात कळतं, पण होणार की नाही हे आधी हातावर दिसतं. म्हणून आमच्याकडच्या लग्नात पाहुणे मांडे खायच्या आधी मांडे बघायला जातात. बाया खापराभोवती गोल करून उभ्या राहतात आणि फुकटचे सल्ले देतात.

त्या गोलाच्या मधोमध पंचफुलामावशी बसायची. डोळ्यांवर काळा गॉगल.

गॉगलचं कारण असं, की तिला पापण्यांचे केस नव्हते. भिवयाही नव्हत्या. डोक्यावर नाही, हातावर नाही, अंगावर कुठंच केस नव्हता. लग्नाला थोडी वर्षं झाली होती तेव्हा तिला चाई पडली. आधी मागं रुपयाएवढी, मग कानामागं, मग फणीत झुपकेच्या झुपके यायला लागले, आणि वर्ष संपेपर्यंत सगळं साफ. सासरच्यांनी उपाय केले. मावशी ते हसत सांगायची: "ज्यानं जे सांगतलं थे घासलं. कांदा घासला, लसून घासला, अद्रक घासलं. डोक्याची चटनी झाली, केस काई आले नाई." मग एक दिवस नवरा तिला माहेरी सोडून गेला आणि न्यायला आलाच नाही. याबद्दल ती एवढंच म्हणायची, "थ्याहिले वेनी घालाले बाई पाह्यजे होती. मले मांडे घालाचे होते." आणि पुढच्या विषयावर जायची.

पापण्या नसल्या की धूर थेट डोळ्यांत जातो. म्हणून बाजारातून घेतलेला मोठा काळा गॉगल. भिवया ती खापराच्या बुडाच्या काजळीनं काढायची. साध्या दिवशी साध्या, लग्नाच्या कामाला जाताना कमानदार, आणि कुणाशी भांडायचं असेल तर जाड. आई सकाळी तिचं तोंड बघूनच सांगायची, "आज कोनाचं तरी काई खरं नाई."

रस्त्यानं चालताना लोक बघायचे. बघणारच. मावशी थांबायची, गॉगल वर करायची आणि म्हणायची, "पाह्य. नीट पाहून घे. झालं? आता कामाले लाग." चिडून नाही, दुकानदारानं कापड उलगडून दाखवावं तशी.

तिच्या मते तिचा आजार तिच्या धंद्याच्या सोयीचा होता. हातावर लव नाही, त्यामुळे कणीक अडकत नाही. आणि दुसरी सोय अकोल्याच्या एका लग्नात सगळ्यांना कळली. वरपक्षाच्या एका पाहुण्याला मांड्यात केस सापडला. लांब, काळा. पाहुणा केस चिमटीत धरून खापरापाशी आला आणि आवाज चढवून म्हणाला, "हे काय आहे? कोनाचं हाय हे?"

मावशीनं हातातला मांडा खापरावर टाकला, हात पुसले आणि पदर मागं घेतला. उन्हानं रापलेलं, तांब्यासारखं गुळगुळीत डोकं. "भाऊ, मांडे मी करतो. माहा असन त माह्या डोक्याले लावून द्या. लय उपकार होतीन."

गोलातल्या बाया अशा हसल्या की पाहुणा केस धरल्या हातानंच मागं फिरला. नंतर केटरिंगवाले सुधाकरभाऊ, ज्यांच्याकडून मावशीला कामं मिळायची, ते प्रत्येक ग्राहकाला सांगायला लागले, "आमच्या मांड्यात केस निघणारच नाही, गॅरंटी." मावशीनं त्यांना सांगून टाकलं, गॅरंटी माझी आहे तर तिचा वेगळा नेग द्या. तिला एक नवं लुगडं मिळालं.

आईला मांडे जमले. हात लांब होता हे खरंच होतं. मावशी, आई आणि आणखी दोघी, अशी चौघींची ती टोळी. आमच्या घरात पालकाखेरीज दुसरं काही शिजायला लागलं. मी बारावी झाले आणि बी. ए.ला अमरावतीला गेले. वसतिगृहात राहिले. माझी फी त्या खापरावर भाजली जात होती, हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून मी एकही पेपर कधी हलक्यात घेतला नाही.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत घरी गेले होते. चौघी आमच्या दारात बसून कणीक आपटत होत्या. मावशीचा पदर घसरला. आई म्हणाली, "मावशे, टाळूले पीठ लागलं." मावशीनं हात फिरवला. "गेलं?" "नाई व, अजून हाये." आईनं पदराचं टोक ओलं केलं आणि तिच्या टाळूवर घासलं. मग पुन्हा घासलं. आईचा हात मध्येच थांबला ते मी पाहिलं. ते पीठ नव्हतं.

"काहून थांबली?" मावशीनं विचारलं.

तिनं स्वतःच भिंतीवरचा आरसा काढून आणला, मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाली, "अच्छा. आता रंगबी चालला."

तो पांढरा डाग टाळूवर होता तोवर पदराखाली झाकला जायचा. संक्रांतीपर्यंत तो मनगटांवर उतरला, तिथून कोपराकडे चढला. डाव्या हाताला पांढरा पट्टा, उजव्या हाताला ठिपके आणि त्यांच्यामध्ये सावळी जमीन. मोहल्ल्यात शब्द फिरला: कोड. त्या एका शब्दानं आमच्याकडे लग्नं मोडतात. आणि मावशीचं तर पोटच लग्नांवर होतं. पाय पांढरे झाले असते तर कुणी विचारलं नसतं. हात पांढरे झाले होते, आणि मांडा हातावर होतो, चारचौघांसमोर. लोकांनी त्या हातावरचं खाल्लं नाही तर तिचं काम बंद, आणि तिच्याबरोबर माझ्या आईचंही.

मी शिकलेली, म्हणून दवाखान्यात तिच्यासोबत मी गेले. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यातली चामडीची डॉक्टर तरुण होती, बोलायला सरळ. तिनं मावशीचं डोकं, हात, नखंसुद्धा पाहिली आणि समजावून सांगितलं. "मावशी, आपल्या शरीरात रोगाशी लढणारी एक फौज असते. तुमची फौज चुकून घरच्यांवरच चालून जाते. आधी केसांच्या मुळांवर गेली, आता कातडीला रंग देणाऱ्या पेशींवर. काही लोकांत हे दोन्ही एकत्र दिसतं. तुमच्या हातून काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही."

"म्हंजे रखवालदारच घर फोडून राहिला," मावशी म्हणाली.

"तसंच."

"अन् त्याले जेवाले मीच घालतो."

डॉक्टर हसली. मग मावशीनं ती ज्यासाठी आली होती ते विचारलं. "बाई, खरं सांगजा. माह्या हातचं खाल्लं त लोकायले लागन का?"

"नाही. शिवून नाही, खाऊन नाही, सोबत राहून नाही. हा संसर्ग नाहीच."

"बस. बाकी काई नसलं सांगाचं तरी चालते."

पण डॉक्टरनं बाकीचंही सांगितलं. मलम दिलं. पांढरी कातडी उन्हात लवकर भाजते, म्हणून डोकं आणि हात झाका, खापराच्या धगीला जपा. रंग परत येतो तेव्हा बरेचदा केसांच्या मुळांतून टिपक्या टिपक्यांनी येतो, आणि तुमची मुळं थकलेली आहेत, तेव्हा मी भरवसा देत नाही, असंही ती स्पष्ट बोलली. मावशीला ती फार आवडली. बाहेर आल्यावर म्हणाली, "खोटं नाई बोलली पोट्टी. हुशार हाये."

मलमानं हातांना फारसा फरक पडला नाही, पण त्याच सुमारास एक गंमत झाली. मावशीच्या मानेवर, बरोबर मागं, केसांचा एक झुपका उगवला. पांढराशुभ्र. नवे केस आधी पांढरे येतात, असं डॉक्टर पुढच्या खेपेला म्हणाली. टोळीतल्या बायांना त्याचं काय करू आणि काय नको झालं. त्यांनी मावशीला पाटावर बसवलं, ओवाळलं, आणि जावळ काढायचं म्हणून मामा कुठं आहे याची शोधाशोध सुरू केली. माझ्या भावाला मामा करून उभं केलं. मावशी म्हणाली, "कैचीले हात लावला त याद राख. इतक्या वर्सानं पाहुना आला अन् तुमी त्याले हाकलून राहिल्या?" त्या दिवसापासून ती पदर अशा बेतानं घ्यायची की तो झुपका दिसलाच पाहिजे. काही महिन्यांनी तो गळून गेला. आईला वाईट वाटलं. मावशी म्हणाली, "पाहुनाच होता. चहा पिऊन गेला."

कामाचं मात्र हसण्यावर नेता येईना. सुधाकरभाऊ माणूस वाईट नव्हते. ते घरी आले, अवघडून बसले आणि म्हणाले, "मावशी, मी मानत नाही हो असलं काही. पण लोक मले विचारतात." मावशीनं आधी प्लास्टिकचे हातमोजे घालून पाहिले. कोपरापर्यंत. कणीक मोज्याला धरेना, मांडा निसटून परातीत गोळा होऊन पडायचा. "थैलीवर मांडा पसरत नाई, भाऊ. त्याले मानसाच्या अंगाची ऊब लागते." मग लांब बाह्यांचा ब्लाउज झाला, तो पिठानं लडबडला. शेवटी सुधाकरभाऊंनीच तोड काढली: खापराभोवती कनात लावू. मावशी आत, लोक बाहेर, मांडे ताटात.

मावशी कबूल झाली. त्या दिवशी तिनं भिवया काढल्या नाहीत, असं आई सांगते.

कनात लावून पहिलंच मोठं लग्न अमरावतीला होतं. मी तिथंच शिकत होते, म्हणून आईला आणि मावशीला भेटायला मंडपात गेले आणि त्यामुळे पुढचं सगळं मला डोळ्यांनी बघायला मिळालं. वरपक्ष शेंदूरजनाघाटचा, संत्र्याचे बगीचे असलेला. मंडपाच्या कडेला हिरवी कनात, तिच्यावरून खापराचा धूर, आतून कणीक आपटल्याचा आवाज. पाहुण्या बाया सवयीनं मांडे बघायला आल्या आणि त्यांना कापड दिसलं.

"झाकलं काहून व?"

"काई तरी असन."

"काई नाई, आत मशीन हाये. माह्या भाच्यानं नागपूरले पाह्यली. इकडून पीठ टाका, तिकडून मांडा."

"मंग म्हनूनच झाकलं."

कोडाचा संशय कुणालाही आला नाही. आला तो मशीनचा, आणि तो मंडपभर पसरला. मुलीकडच्यांनी मशीनचे मांडे घातले, हा केवढा अपमान. वरबाप मुलीच्या बापाला जाब विचारायला लागला. आवाज कनातीपर्यंत पोचत होता. आतून आपटण्याचा आवाज बंद पडला. सुधाकरभाऊ घामाघूम होऊन "हातचेच आहेत हो, हातचेच" म्हणत होते आणि दाखवा म्हटलं की गप्प होत होते.

तेवढ्यात नवरदेवाची आजी उठली. ठेंगणी, पांढरं लुगडं, काठी. कुणाला काही न विचारता ती कनातीपाशी गेली, काठीनं कापड उचललं आणि आत शिरली. मी तिच्या मागोमाग.

मावशी बसलेली होती. दोन्ही हातांवर मांडा पसरलेला, इतका पातळ की त्यातूनही हातांवरचे पांढरे-सावळे पट्टे दिसत होते. हात मागं घ्यावे तर मांडा जातो. तिनं घेतले नाहीत.

आजीनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"काय झालं हाताले?" आजीनं विचारलं.

"रंग गेला, माय."

"लागते का?"

"लागत असतं त ह्या तिघीले लागलं असतं. एका परातीत हात घालतो आमी. डाक्टरबी नाई म्हनते."

"केसबी गेले वाटते."

"थे आधीच गेले."

आजी वाकली आणि मांड्याची कड दोन बोटांत धरून पाहिली. "मी करत होतो मांडे. माहे इतके पातळ नाई झाले कधी." मग सरळ झाली. "टाक खापरावर. जळते ना थे."

मावशीनं मांडा टाकला. भाजून होईपर्यंत आजी तिथंच उभी राहिली, आणि घडी घातलेला तो मांडा तिनं तुपाशिवाय, उभ्यानं खाल्ला. खाताखाता बाहेर ओरडली, "मशीन नाई इथं. बाई हाये. सोडा थे कनात. धुरानं मारता का तिले?"

सुधाकरभाऊ जागचे हलले नाहीत. कनात माझ्या आईनं सोडली.

कापड खाली आलं तेव्हा गोल करून उभ्या असलेल्या बायांना सगळं एकदमच दिसलं. कुजबुज झाली. काही जणी पुऱ्यांच्या बाजूला निघून गेल्या, त्या परत आल्या नाहीत. हे मी लपवत नाही. पण आजीनं खुर्ची मागवली आणि खापरासमोर बसून घेतलं, आणि तिच्यासमोर तिच्या सुना, लेकी, नाती काय करणार? एक नात पुढं झाली, मग दुसरी. कुणीतरी म्हणालं, "मावशे, एक मोठा होऊ द्या, पाहू किती लांबतो." मावशीनं गॉगल लावला, "पाह्य. नीट पाहून घे," म्हणाली आणि मांडा दोन्ही कोपरांच्या पार नेला. बाया ओरडल्या. पंगत उठेपर्यंत कणीक संपली, आणि वरबापाला स्वतःलाच मांडा उरला नाही. तो त्याबद्दल कुरकुरत होता. मशीनबद्दल पुन्हा कुणी काही बोललं नाही.

सामान भरताना सुधाकरभाऊ कनातीची घडी घालत होते. मावशी त्यांना म्हणाली, "भाऊ, हे तुमीच ठेवा. मी आता हिच्या आत बसत नाई. बोलावलं त असंच बोलवा, नाई त नका बोलवू." ते हो म्हणाले. थोडी कामं गेलीही. पण त्या लग्नातल्या बाया आपापल्या गावी गेल्या आणि त्यांनी सांगितलं, आणि जितकी कामं गेली त्याहून जास्त आली. आधी वरूडकडून, मग अमरावतीतून.

मी पदवीधर झाले त्याचे पेढे मावशीनं मोहल्ल्यात स्वतः वाटले. "आमची पोट्टी बी. ए. झाली," असं प्रत्येक दारात सांगून. कुणी विचारलं, तुझी कोण लागते, तर म्हणायची, "माह्या खापराची हाये."

आता मी अमरावतीत नोकरी करते. मागच्या चैत्रात बसमधून जाताना बडनेऱ्याजवळ रस्त्याच्या कडेला एक मंडप दिसला. मंडपाच्या तोंडाशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल अशी, पंचफुलामावशी बसली होती. वर ताडपत्रीची सावली नीट ताणून घेतलेली. हातांवरचे पट्टे आता एकमेकांना मिळाले आहेत. पांढरंच जास्त, मध्ये कुठं कुठं सावळे ठिपके उरलेत. भिवया कमानदार होत्या. एका नव्या मुलीचा मांडा फाटला होता आणि मावशी तिला काहीतरी म्हणत होती, आणि ती मुलगी, भोवतालच्या बाया, सगळ्याच हसत होत्या. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. बस पुढं गेली.

पंचफुलामावशी आज अकोल्यात आणि अमरावतीत स्वतःच्या नावानं कामं घेते, मध्ये कुणी नाही. तिच्या हाताखाली बाया तयार झाल्या आहेत. ती उघड्या हातांनी मंडपात बसते, आणि लोक तिच्या हातचे मांडे मागून खातात.